पहिली शंभर नावं

१

राजूरजवळच्या एका पाड्यावर छगन भांगरे नावाचा म्हातारा वारला, आणि आठव्या दिवशी मला नगरच्या सावेडीतून कल्याण बोरुडेंचा फोन आला. बोरुडे घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं भाड्यानं देतात. म्हाताऱ्याची फुफ्फुसं दगडखाणीत गेली होती आणि तो दोन वर्षं त्यांच्या मशीनवर जगत होता. मग कुणीतरी फोन करून सांगितलं की आमचा काढा सात दिवस घ्या, फक्त तेवढे दिवस मशीन बंद ठेवा, नाहीतर काढा लागू पडत नाही. फोन करणाऱ्याला म्हाताऱ्याचं नाव, गाव, मशीन कोणतं, कधीपासून, सगळं ठाऊक होतं. काढ्याची बाटली कुरिअरनं आली, मशीन बंद झालं आणि तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

"आमच्या ग्राहकांची यादी चोरीला गेलीय, मॅडम," बोरुडे म्हणाले. "कुणी चोरली तेही कळलंय. तुम्ही फक्त दोन पानांचा अहवाल द्या. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायचीय, तिला जोडायला."

मी ज्ञानेश्वरी तुपे. नगरमधल्या दुकानदारांना हिशेबाचं ऑनलाइन सॉफ्टवेअर बसवून देते, शिकवते आणि त्यांनी घातलेला घोळ निस्तरते. पोट भरतं ते तिसऱ्या कामावर. चोर आधीच ठरवून मला बोलावतात तेव्हा माझं डोकं फिरतं, कारण त्यांना तपास नको असतो, शिक्का हवा असतो.

"कोण आहे चोर?"

"आपली शॅरन."

शॅरन भिंगारदिवे त्या दुकानात सोळा वर्षं हिशेब लिहीत होती. चार वर्षांपूर्वी ते सॉफ्टवेअर तिला मीच शिकवलं होतं.

२

शनिवारी दहाला मी दुकानात पोचले. बोरुडेंनी चहा मागवला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यावर सॉफ्टवेअरची नोंदवही होती, कोण कधी आत आलं आणि काय घेऊन गेलं ते सांगणारी. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार, सहा वाजून दहा मिनिटं, ग्राहकांची यादी एपीआयमधून दिली, वापरकर्ता शॅरन भिंगारदिवे.

"पहाटे सहाला, घरी बसून," बोरुडे म्हणाले. "चोरी नाही तर काय?"

एपीआय म्हणजे या सॉफ्टवेअरची मागची खिडकी. पुढच्या दारानं माणसं येतात, पडद्यावर बघतात, टाईप करतात. मागच्या खिडकीशी दुसरा एखादा प्रोग्राम येतो, चावी दाखवतो आणि म्हणतो, ग्राहकांची यादी द्या. चावी बरोबर असली की खिडकी यादी देते. चावी कुणाच्या हातात आहे हे ती बघत नाही, चावीवर नाव कुणाचं आहे तेवढंच लिहून ठेवते.

आणि त्या दुकानातली प्रत्येक चावी शॅरनच्या नावावर होती. मालकांना पासवर्ड लक्षात राहत नसे, म्हणून सगळं दुकान एकट्या शॅरनच्या खात्यातून आत जायचं. ओटीपी तिच्या मोबाईलवर यायचा आणि ती तो जागेवरून मोठ्यानं वाचून दाखवायची. नवीन प्रोग्राम जोडतानाही 'परवानगी द्या' हे बटण तिनंच दाबलं होतं. ते मला माहीत होतं. चालतंय तर चालू दे म्हणून मी गप्प बसले होते, आणि या प्रकरणात माझ्या वाट्याला जेवढी लाज येते तेवढी मी घेते.

"शेठ, हे घड्याळ लंडनचं आहे," मी म्हणाले. "त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे रविवारी सकाळचे अकरा चाळीस."

बोरुडेंनी कप खाली ठेवला.

"अकरा चाळीसला शॅरन भिंगारला चर्चमध्ये असते. दोनशे माणसं सांगतील."

"चर्चमध्ये मोबाईल चालत नाही का?"

बोलणं खरं होतं. यादी मोबाईलवरून कुठूनही मागवता येते, चर्चच्या बाकावरूनही. त्यांचं उत्तर इतकं तयार कसं होतं, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

३

शॅरन मागच्या खोलीत बसली होती. तिच्या टेबलावरचा संगणक काढून नेला होता, तरी ती त्याच टेबलापाशी ताठ बसली होती.

"मला कामावरून काढतील, ते दिसतंय," ती म्हणाली. "पोलीस बोलावतील, तेही बघता येईल. पण मुक्ताबाईंना वाटतं की मी त्यांच्या नवऱ्याला विकलं. त्याचं काय करू, ताई?"

मुक्ताबाई म्हणजे छगनची बायको. शॅरन दर महिन्याला सगळ्या घरांना फोन करायची. मशीनची जाळी धुतली का, रात्री किती वेळ लावता, पाय सुजलेत का, हे सगळं विचारायची. ते तिचं काम नव्हतं. हिशेबाच्या फोनमध्ये ती ते आपणहून घालायची.

"त्यांच्याशी बोलणं झालं?"

"त्या फोनवर येत नाहीत. पाड्यावर रेंज नाही, म्हणून नोंदीत मी राजूरच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाचा नंबर टाकलाय. दुकानदार निरोप देतो. आता म्हणतो, मुक्ताबाईंनी सांगितलंय, शॅरनबाईंचा फोन आला तर मला बोलवू नको."

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. गोरक्षनाथ त्याचं नाव. तो हळू आवाजात बोलत होता.

"काढेवाल्याचा फोन माझ्याच दुकानात आल्ता. बाजारचा दिस हुता, मुक्ताबाई हितंच हुती, तिलाच दिला."

"काय बोलणं झालं?"

"ते न्हाई ऐकलं बाई. गिऱ्हाईक लई हुतं."

फोन ठेवला तेव्हा एक गोष्ट माझ्या हाती लागली होती. काढेवाल्यानं किराणा दुकानाचा नंबर फिरवला होता. मशीन बसवणाऱ्या कानिफनाथ आव्हाडला मी आत बोलावलं आणि त्याची वही मागितली. बोरुडेंचा टेम्पो तोच चालवतो, घरोघरी मशीन पोचवतो, माणूस गेल्यावर परत आणतो. त्याच्या वहीत छगनच्या नावापुढं राजूरजवळच्या अकोल्याला दिलेल्या मुलीचा नंबर होता.

"दुकानाचा नंबर माहीत होता तुला?"

"न्हाई ना मॅडम. मी पोरीला लावतो, ती सांगती जावयाला, जावई येतो मोटारसायकलवर. दुकानाचं मला आत्ताच कळलं." मग तो शॅरनकडं न बघता म्हणाला, "ह्यांनी न्हाई केलं. कुणी इचारीत न्हाई मला, पन सांगून ठिवतो."

म्हणजे यादी कानिफनाथच्या वहीतून गेली नव्हती. ती सॉफ्टवेअरमधूनच गेली होती, आणि त्यानं शॅरनभोवतीचा फास आणखीच आवळला.

४

दुपारभर मी फोन करत बसले. दुकानाचे दोनशे चाळीस ग्राहक आहेत. सॉफ्टवेअरमधल्या क्रमानंच मी एकेका घराला विचारत गेले, काढ्यासाठी फोन आला होता का. बरेच जण हो म्हणाले. काहींनी शिव्या घातल्या, त्या मी बोरुडेंच्या वतीनं ऐकून घेतल्या.

अठ्ठावीसावं घर भिंगारचं होतं. मरिया पाटोळे नावाच्या बाईंनी फोन उचलला.

"आला होता ना. म्हणाला, डेव्हिड साहेबांना द्या, त्यांची धाप कशी आहे? मी म्हटलं, साहेब जूनमध्येच गेले. तर म्हणतो, मग काढा तुमच्यासाठी पाठवू का."

डेव्हिड पाटोळे वारल्याचं बोरुडेंच्या सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. शॅरन त्यांच्या अंत्यविधीला गाणाऱ्यांत उभी होती. कानिफनाथनं दुसऱ्या दिवशी मशीन परत आणलं होतं. तरी त्यांचं नाव यादीत होतं, आणि त्याला कारण होतं. बोरुडेंच्या आई गल्ल्यावर बसायच्या तेव्हा त्यांनी नियम घातला होता की गेलेल्या माणसाचं नाव वर्षश्राद्ध होईपर्यंत खोडायचं नाही. वहीतला तो नियम शॅरननं सॉफ्टवेअरमध्येही पाळला. असं नाव ती 'वर्षाआतले' नावाच्या गटात टाकायची. पडद्यावर ते वेगळ्या रंगात दिसायचं, आणि वर्ष झालं की ती ते काढायची.

अशी आणखी दोन घरं सापडली. दोन्हीकडं गेलेल्या माणसालाच विचारलं होतं, तब्येत कशी आहे म्हणून.

मी ओमला गाठलं. ओम बोरुडेंचा पुतण्या, पुण्यात शिकून आलेला. जाळी धुवायची आठवण करणारे मेसेज ज्या प्रोग्राममधून जातात तो त्यानंच लिहिला होता. तो प्रोग्राम मागच्या खिडकीतून यादी घेतो.

"तुझ्या प्रोग्रामनं काढलेल्या यादीत डेव्हिड पाटोळे येतात?"

"नाही येत." तो ओशाळला. "गेल्या वर्षी एका घरी दहाव्याच्या दिवशी मेसेज गेला, जाळी धुतली का म्हणून. शॅरन मावशींनी मला असा झापला की विचारू नका. तेव्हापासून प्रोग्राम तो गट वगळूनच यादी घेतो."

"मग चोरलेल्या यादीत ते कसे आले?"

ओम उठला. त्यानं दार लावलं आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.

५

उरलेले फोन मी त्याच्यासमोरच केले. अठ्ठ्याण्णवावं घर हो म्हणालं, नव्व्याण्णवावं हो म्हणालं. शंभरावं घर भिंगारमधल्या एका निवृत्त शिपायाचं. त्यांनी काढा घेतला होता, पण मशीन बंद केलं नव्हतं. "बायकोनं बंद करू दिलं नाही," ते म्हणाले.

एकशे एकावं घर नाही म्हणालं. मग एकशे दोन, एकशे तीन, एकशे दहा. दीडशेपर्यंत गेले आणि थांबले. शंभरच्या पुढं एकाही घरी काढेवाल्याचा फोन आला नव्हता.

खिडकी एका वेळी शंभरच नावं देते. पुढची हवी असतील तर दुसरं पान मागावं लागतं, मग तिसरं. ज्याला हे ठाऊक आहे तो सगळी पानं मागतो. ज्याला ठाऊक नाही त्याला पहिली शंभर नावं दिसतात आणि तो समजतो की यादी संपली.

"तुझा प्रोग्राम किती पानं घेतो, ओम?"

"संपेपर्यंत."

"म्हणजे तो तुझा प्रोग्राम नव्हता. नुसती लिंक होती, चावी आतच लिहिलेली. दाबली की गट बघायचा नाही, पान उलटायचं नाही, सरळ पहिली शंभर नावं. अशी लिंक बनवायला चावी लागते आणि चावी तुझ्याजवळ आहे. तू ती स्वतःसाठी बनवणार नाहीस, तुला गरजच नाही. कुणासाठी बनवलीस?"

"मॅडम, मला हेच एक घर आहे. आई-वडील नाहीत मला."

"शॅरनला सोमवारी पोलीस नेतील. माणूस मेलाय, नुसतं यादीचं प्रकरण नाही राहिलं हे."

त्यानं मोबाईल काढला, बराच वेळ बोट वरखाली केलं आणि माझ्यापुढं धरला. तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी संध्याकाळी मागितलेलं होतं, 'यादी मोबाईलवर कशी दिसते ते दाखव.' खाली त्यानं पाठवलेली लिंक. तिच्याखाली रविवारी अकरा पंचेचाळीसला आलेलं उत्तर, 'मिळाली. शंभरच आहेत होय रे आपले?' त्याखाली हसरा चेहरा.

सगळ्यांत वर नाव होतं, काका.

६

बोरुडेंच्या केबिनमध्ये मी शॅरनलाही बोलावलं, कानिफनाथलाही. जे सांगायचं ते तिच्यासमोर सांगायचं ठरवलं होतं.

"शेठ, यादी शॅरननं दिली नाही," मी म्हणाले. "ती गेलेल्या माणसांची नावं देऊन त्यांच्या घरी कुणाला फोन करायला लावणार नाही. ती नावं वेगळी ठेवणारी तीच आहे. कानिफनाथनं दिली नाही, त्याच्याकडं राजूरच्या दुकानाचा नंबरच नाही. ओमच्या प्रोग्रामनं दिली नाही, तो गेलेल्यांना वगळतो आणि शंभरावर थांबत नाही. यादी अशा माणसानं काढली ज्याच्याकडं लिंक होती, ज्यानं पडद्यावरचा रंग कधी बघितला नाही आणि ज्याला आपले ग्राहक किती तेही माहीत नाही."

बोरुडे ओमकडं बघत होते. ओम जमिनीकडं बघत होता.

"साडू आहे माझा," शेवटी ते म्हणाले. "काढ्याचा धंदा नवीन टाकलाय. जाहिरातीला नावं मागितली. दिली. तो मशीन बंद करा म्हणून सांगेल हे मला स्वप्नात तरी आलं होतं का?"

"मग चोरी झाली असं का म्हणालात?"

"म्हातारा मेला म्हणून." आवाज चढला. "यादी माझी आहे. माझ्या दुकानाची यादी मी कुणाला द्यायची ते मी ठरवीन. त्यात चोरी कुठं आली?"

"तेच विचारतेय. तक्रारीत शॅरनचं नाव कसं आलं?"

"नोंदीत तिचंच नाव आहे की. मी काय खोटं लिहिलं?"

त्यांना खरंच असं वाटत होतं. मी लबाड माणसं खूप बघितली आहेत, त्यांचा मला एवढा संताप येत नाही. हा माणूस चार वर्षं त्या बाईच्या नावानं दार उघडत होता आणि तिच्याच नावानं बंद करायला निघाला होता, आणि त्यात आपलं काही चुकतंय हे त्याला दिसतच नव्हतं.

"तक्रार फाडून टाकतो," बोरुडे शॅरनला म्हणाले. "सोमवारपासून ये कामावर. झालं गेलं सोडून दे."

शॅरननं खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली.

"मला राजूरला जायचंय," ती मला म्हणाली. "तुम्ही याल का? मी एकटीनं सांगितलं तर पटायचं नाही त्यांना."

७

सोमवारी सकाळी मी अहवाल पोलिसांना पाठवला. त्यात बोरुडेंचं नाव होतं, साडूचं होतं, मोबाईलवरच्या त्या निरोपाचा फोटो होता. पुढं काय होईल ते होईल. यादी मालकाचीच होती असं म्हणून वकील मोठी भांडणं उभी करतील, हे मला समजतं. मग आम्ही दोघी तारकपूरच्या स्टँडवरून बस धरून निघालो.

गोरक्षनाथनं दुकानातला माणूस वाट दाखवायला दिला. मुक्ताबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. शॅरनला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, उठल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. आम्ही ओट्याच्या कडेला टेकलो. कानिफनाथ अजून न्यायला आला नव्हता, मशीन दारातून दिसत होतं, वर टॉवेल टाकलेला.

मी सगळं सांगितलं. मागची खिडकी, चावी हे काही नाही. एवढंच की नावं मालकानं आपल्या साडूला दिली, या बाईनं दिली नाहीत, तिला पत्ताही नव्हता, आणि हे मी कागदावर लिहून पोलिसांना दिलंय.

मुक्ताबाईंनी पुरतं ऐकून घेतलं.

"मंग तुमी न्हाई दिलं," त्या शॅरनला म्हणाल्या.

"नाही मुक्ताबाई. देवाशप्पथ नाही."

"बरं झालं. लई वंगाळ वाटत हुतं मला तुमच्याबद्दल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्यां त्याला इचारलं हुतं. फोनवर. म्हनलं, मशीन बंद ठिवायचं हे शॅरनबाईला ठावं हाय का? दर महिन्याला त्या सांगत्यात, मशीन बंद करू नका, लाईट गेली तर सिलिंडर लावा. मंग तुमी असं कसं सांगता?"

शॅरन पुढं झुकली.

"तर म्हनला, व्हय, त्यांचंच नाव हाय की हितं माझ्या म्होरं. म्हनून इश्वास ठिवला. दुसऱ्या कुनाचं नाव सांगितलं असतं तर म्यां त्याला उभा केला नसता. म्हातारा नको म्हनत हुता, त्याला धाप लागायची. म्यां म्हनलं, शॅरनबाई सांगत्यात तर खरं असंल. बटन म्यां बंद केलं."

प्रत्येक ग्राहकाच्या ओळीत शेवटी एक रकाना असतो, नोंद कुणी केली त्याचा. खिडकी तोही देते. शंभरच्या शंभर ओळींत तिथं शॅरन भिंगारदिवे होतं, आणि काढेवाल्यानं समोर दिसलं ते वाचून दाखवलं. तो रकाना मी दहा वेळा बघितला होता आणि एकदाही मनात आलं नाही.

मुक्ताबाईंनी आत जाऊन चहा ठेवला. शॅरननं तो पूर्ण प्यायला. निघताना तिनं मुक्ताबाईंचे हात धरले, मुक्ताबाईंनी धरू दिले. दोघींपैकी कुणी रडलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. अकोल्याच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली, माणसं चढली, उतरली.

"ताई, तुमच्या अहवालात माझं नाव कुठं आहे?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "सगळीकडून काढलं."

कंडक्टरनं घंटी मारली. बस संगमनेरच्या रस्त्याला लागली.

"एका ठिकाणी राहू द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "मशीन बंद झालं तिथं."